पोथीची साक्ष आणि चमत्काराचें प्रामाण्य

जुन्या पोथ्या जमविणाऱ्यांत दोन प्रकृतींचे गृहस्थ नेहमीं आढळतात. एकाच्या मतें अमुक गोष्ट पोथींत लिहिली आहे एवढ्यानेंच ती घडली. दुसऱ्याच्या मतें पोथींत चमत्कार आला एवढ्यानेंच ती पोथी इतिहासाच्या कामांतून बाद झाली. पहिला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची ओवी काढून दाखवितो आणि वाद संपला असें मानतो. दुसरा संतचरित्राची नक्कल करवून घेतांना लेखकास अद्भुत प्रसंगांचीं पानें सोडून द्यावयास सांगतो आणि कागद वांचला म्हणून समाधान पावतो. अशा गाळींव नकला आमच्या पाहण्यांत आल्या आहेत. मूळ पोथी वाळवीच्या स्वाधीन झाल्यावर त्यांच्याकडे पाहून हळहळण्यापलीकडे कांहीं उरत नाहीं.

धार्मिक ग्रंथ हे अलौकिक घटनेचें प्रमाण होऊं शकतात काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ तत्त्वज्ञांचा नाहीं. कोणतें पान जपावें आणि कोणतें टाकावें हें त्याच्या उत्तरावर ठरत असतें. प्रस्तुत लेखांत आम्ही तो महाराष्ट्रांतील तीन प्रसिद्ध प्रसंगांवर घांसून पाहणार आहों. त्यापूर्वीं आपल्या शास्त्रकारांनीं याविषयीं काय ठरविलें आहे तें सांगणें अवश्य आहे. कारण इंग्रजी विद्येचें वारें लागण्यापूर्वीं आपल्याकडे सर्वत्र भाबडेपणाच होता अशी एक समजूत सुशिक्षितांत रूढ आहे व ती निराधार आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत आप्ताच्या उपदेशास शब्दप्रमाण म्हटलें आहे. आप्त कोण, याचा खुलासा भाष्यकार वात्स्यायन करितो. ज्यानें वस्तु साक्षात् जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याच्या इच्छेनें जो बोलतो तो आप्त; आणि हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या तिघांनाही सारखेंच लागू आहे, असें तो स्पष्ट म्हणतो. सांगणाऱ्याच्या पावित्र्यास येथें स्वतंत्र किंमत दिलेली नाहीं. त्यानें पाहिलें काय, आणि पाहिलें तसें सांगितलें काय, एवढेंच विचारावयाचें. मात्र नैयायिक येथेंच थांबत नाहींत हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. वेदाचें प्रामाण्य सिद्ध करितांना ते मंत्र व आयुर्वेद यांचा दृष्टांत देतात: जेथें पडताळा घेतां येतो तेथें ज्याचें बोलणें खरें ठरलें, त्याचें बोलणें पडताळ्याच्या पलीकडच्या विषयांतही विश्वासार्ह मानावें. संतांच्या चमत्कारांविषयीं भाविक जो युक्तिवाद करितो तो नेमका हाच होय, व तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

मीमांसकांची वाट निराळी आहे. वेदास त्यांच्याइतकें निरपवाद प्रमाण दुसऱ्या कोणीं मानलें नाहीं. पण तें कशाविषयीं? तर कर्तव्याविषयीं. अमुक करावें, अमुक करूं नये, हें सांगण्यांत वेदाचा अधिकार. पूर्वीं अमुक घडलें, हें सांगण्यांत नव्हे. प्रजापतीनें स्वतःची वपा उपटून अग्नींत टाकिली अशी कथा तैत्तिरीय संहितेंत आहे. ती घडली काय, या प्रश्नांत शबरस्वामी अडकत नाहीं. विधीची स्तुति करणारा अर्थवाद म्हणून तो तिची व्यवस्था लावितो. कुमारिलभट्ट तर याहून पुढें जातो. योग्यांस किंवा सर्वज्ञांस इंद्रियांच्या मर्यादेपलीकडचें दिसतें, हें तो मान्य करीत नाहीं. दृष्टि तीक्ष्ण झाली तर दूरचें रूप दिसेल, पण डोळ्यानें शब्द ऐकूं येणार नाहीं. आणि आज जसा सर्वज्ञ कोठें दिसत नाहीं तसाच पूर्वींही तो होता असें मानण्यास आधार नाहीं, अशी त्याची भूमिका आहे. हे उद्गार सातव्या शतकांतील एका कर्मठ ब्राह्मणाचे आहेत हें विसरूं नये.

याच्या उलट शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या देवताधिकरणांत म्हणतात कीं, आजच्या लोकांस देवांशीं बोलतां येत नाहीं म्हणून व्यासादिकांनाही येत नव्हतें असें म्हणणारा जगाच्या वैचित्र्यासच नाकारतो. आज सार्वभौम क्षत्रिय नाहीं म्हणून पूर्वींही नव्हता असें म्हणण्यासारखेंच तें होय. उत्तर मोठें मार्मिक आहे व आम्हांस तें पुष्कळ दिवस निरुत्तर करणारें वाटत असे. परंतु दृष्टांत सार्वभौम राजाचा आहे, आणि सार्वभौम राजा मागें कांहीं ठेवून जातो. अशोकाचे लेख प्रिन्सेपनें १८३७ च्या सुमारास वाचले तेव्हां त्याच्या राज्याची साक्ष दगडांनीं दिली. पुराणांतील एका नांवावर अवलंबून राहण्याचें कारण उरलें नाहीं. देवांशीं झालेल्या संभाषणाचा शिलालेख मिळावयाचा नाहीं. तेव्हां आजच्यावरून कालचें नाकारूं नये हें आचार्यांचें म्हणणें ग्राह्य. पण न नाकारणें म्हणजे सिद्ध होणें नव्हे.

आतां प्रसंगांकडे वळूं.

पैठणच्या रेड्याची कथा सर्वांस पाठ आहे, म्हणून ती येथें सांगत नाहीं. ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ. स. १२९०) ची. तिच्या उपसंहारांत ग्रंथकर्ता राजा रामचंद्राचें नांव देतो, गोदातीरींचें स्थळ देतो, गुरुपरंपरा देतो, लेखक सच्चिदानंदबाबाचेंही नांव देतो. रेड्याचा उल्लेख करीत नाहीं. कथा येते ती नामदेवांच्या नांवावरील ‘आदि’ प्रकरणांत. आणि नामदेवांच्या गाथ्यांत विष्णुदास नाम्यासारख्या मागाहूनच्या ‘नाम्यां’चे अभंग किती मिसळले आहेत हें ज्यांनीं दोन वह्या समोर ठेवून ताडून पाहिल्या त्यांस सांगणें नको. पुढें महीपतीनें भक्तविजयांत ती विस्तारानें गाइली, तें शके १६८४ (इ. स. १७६२), म्हणजे ज्ञानेश्वरीनंतर ४७२ वर्षांनीं. महीपतीविषयीं आम्हांस फार आदर आहे. तो ताहाराबादचा कुळकर्णी. हिशेब ठेवणाऱ्याची संवय त्याच्या काव्यांतही दिसते. उत्तरेकडील नाभाजी आणि इकडील उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांच्या आधारें आपण लिहितों, पदरचें घालीत नाहीं, असें तो सांगून ठेवितो. पण वात्स्यायनाच्या कसोटीस लाविलें तर महीपति ऐकलेलें सांगणारा आहे, पाहिलेलें सांगणारा नव्हे. प्रामाणिक खरा, साक्षी नव्हे.

मग ती कथा टाकावी काय? येथें मीमांसकांचा अर्थवाद फार उपयोगी पडतो. वेद म्हणण्याचा अधिकार कोणास, बहिष्कृत मुलांस मुंजीचा अधिकार कोणीं द्यावा, सर्वांभूतीं एकच आत्मा म्हणणाऱ्यानें तें रेड्यापर्यंत न्यावें कीं नाहीं, हा सारा वाद त्या एका पशूच्या तोंडांत आला आहे. रेडा बोलला कीं नाहीं हें पोथी सिद्ध करूं शकत नाहीं. तो वाद लोकांच्या जिव्हारीं लागला होता हें मात्र ती निःसंशय सिद्ध करिते. अध्यापनाच्या काळांत विद्यार्थी दरसाल विचारीत, ‘गुरुजी, रेडा खरोखर बोलला का?’ त्यांस आम्ही उलट विचारीत असूं कीं, घोडा किंवा गाय न घेतां कथाकारानें रेडाच कां घेतला? या प्रश्नानंतर वर्गांत बराच वेळ शांतता असे.

दुसरा प्रसंग महानुभावांच्या लीळाचरित्राचा. येथें स्थिति अगदीं निराळी आहे, आणि कालांतरानें कथा फुगतात म्हणून जुनें तेवढें खरें, असें मानणाऱ्या आमच्या चिकित्सक मित्रांस ती अडचणीची आहे. चक्रधरस्वामींच्या मागें थोड्याच वर्षांत, शके १२०० च्या सुमारास, म्हाइंभटानें ऋद्धिपुरीं हा ग्रंथ रचिला. नागदेवाचार्यांपासून त्यानें लीळा ऐकल्या, शिवाय ज्या ज्या शिष्यानें जें पाहिलें तें त्याच्याकडे जाऊन विचारलें. मूळ प्रत पुढें चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमींत नाहींशी झाली व शिष्यांनीं ती आठवणीवरून पुनः सिद्ध केली. तेव्हां ज्याचा पाठ भिन्न पडला त्याच्या नांवानें तो भिन्न म्हणूनच नोंदविला: हिराइसेचा एक, परशरामबासाचा दुसरा, रामेश्वरबासाचा तिसरा. तेराव्या-चौदाव्या शतकांतील पाठभेदांची ही जागरूकता पाहून आम्हां पोथ्यांच्या माणसांस अचंबा वाटतो. स्वामी कोठें उतरले, कोणीं काय रांधलें, कोणास ताप आला, कोण कोणावर रुसलें, याच्या इतक्या बारीक नोंदी मराठींत त्यापूर्वीं नाहींत.

आणि याच ग्रंथाच्या ‘एकांक’ भागांत भडोचच्या प्रधानपुत्र हरिपाळदेवाच्या मृत देहांत चांगदेव राउळांनीं प्रवेश केला, स्मशानांत नेलेलें प्रेत उठून बसलें, अशी लीळा आहे. तीस लागूनच तो हरिपाळदेव जुगारांत द्रव्य हरला, पत्नीनें दागिने देण्याचें नाकारलें व त्याचें मन विटलें, हा अत्यंत लौकिक प्रसंग आहे. पुढें पारध्यांच्या कुत्र्यांपुढें धांवणारा ससा स्वामींच्या गुडघ्याखालीं येऊन दडल्याची गोड कथा त्याच भागांत येते. तिन्हींची भाषा एक, सांगण्याचा सूर एक. अद्भुत सांगतांना ग्रंथकाराचा आवाज चढत नाहीं.

परंतु ‘एकांक’ म्हणजे काय हें ध्यानांत घेतलें पाहिजे. तो स्वामींच्या एकाकी भ्रमणाचा काळ. जवळ शिष्य नव्हते. म्हाइंभटास साक्ष देणाऱ्यांपैकीं भडोचच्या स्मशानांत कोणीही नव्हता. त्यांनीं स्वामींच्या मुखांतून ऐकलें, म्हाइंभटानें त्यांच्यापासून ऐकलें, मूळ प्रत गेल्यावर दुसऱ्यांनीं तें स्मरलें. ‘पूर्वार्ध’ व ‘उत्तरार्ध’ यांतील नोंदी बव्हंशीं पाहणाऱ्यांच्या, ‘एकांका’तील नोंदी ऐकणाऱ्यांच्या. एकाच पोथींत साक्षीच्या दोन प्रती आहेत, आणि ग्रंथकारानें विभाग पाडून तें आपणांस सांगूनही ठेविलें आहे. सबंध लीळाचरित्र विश्वसनीय किंवा सबंध अविश्वसनीय, असे एका वाक्याचे निकाल जे देतात त्यांनीं हे विभाग पाहिलेले नसतात.

तिसरा प्रसंग तुकोबांच्या वह्यांचा. आम्ही तो मुद्दाम शेवटीं ठेविला आहे. कारण पुराव्याच्या दृष्टीनें याच्याइतकी बळकट चमत्कारकथा मराठींत दुसरी नाहीं. रेड्याच्या कथेंत साक्षी नाहीं, भडोचच्या कथेंत साक्षी दूरचा आहे. येथें ज्याच्यावर प्रसंग गुदरला तोच बोलतो. वह्या इंद्रायणींत गेल्यावर तेरा दिवस अन्नोदक वर्ज्य करून आपण बसलों, आणि देवानें पाण्यांत कागद राखले, असें सांगणारे अभंग तुकोबांच्या गाथ्यांतच आहेत. ज्याच्याशीं हा वाद झाला त्या रामेश्वरभटाच्या नांवें आरती आहे, तींत वह्या राखल्याचा उल्लेख आहे. समकालीन बहिणाबाईच्या अभंगांतही तो आहे. अर्थात् तिघांची साक्ष एका तोलाची नव्हे. बहिणाबाई त्या सुमारास कोल्हापुराकडे होती. तिच्या कानीं कीर्तनांतून वार्ता आली. रामेश्वरभट विरोधक असून मागाहून भक्त झाला; विरोधकाच्या साक्षीस न्यायसभेंत जें वजन असतें तें त्याच्या भक्त होण्यानें कांहींसें कमी होतें. राहतां राहिले तुकोबा.

भाविकाचा जो नैयायिक युक्तिवाद आम्ही वर दिला तो येथें पूर्ण ताकदीनें उभा राहतो. दिवाळें, दुष्काळ, पत्नीचा भुकेनें झालेला मृत्यु, स्वतःचे दोष, हें सारें ज्यानें आडपडदा न ठेवितां सांगितलें, तो याच एका गोष्टींत खोटें कां बोलेल? आमचें उत्तर असें कीं, तो खोटें बोलत नाहीं. परंतु तो काय बोलतो तें नीट वाचावें. वह्या परत आल्यावरचा जो प्रसिद्ध अभंग आहे त्यांत विजयाचा स्वर मुळींच नाहीं. आपण मोठा अपराध केला, लोकांच्या बोलण्यासाठीं देवाचा अंत पाहिला, त्याला पाण्यांत उभें राहावयास लाविलें, याची खंत त्यांत भरली आहे. ज्यास आपण साक्षी म्हणून सभेंत बोलावूं पाहतों, तो साक्ष मागितल्याचीच लाज बाळगून उभा आहे. तुकोबांनीं ही घटना आपल्या अधिकाराचें प्रमाणपत्र म्हणून कोणापुढें टाकिली नाहीं. तें काम इतरांनीं केलें. आरतींत रामानें सागरावर तारलेल्या पाषाणांचा दृष्टांत जोडला गेला, आणि घटनेचा अर्थवाद झाला. महीपतीच्या भक्तलीलामृतांत (शके १६९६, इ. स. १७७४) म्हणजे सुमारें सव्वाशें वर्षांनीं, तीस संवाद व तपशील चढले. पुढें कीर्तनकारांनीं ती रंगविली, आणि १९३६ सालच्या प्रभातच्या चित्रपटानें तर ती लोकांच्या डोळ्यांसमोर अशी उभी केली कीं आज पुष्कळांस आठवतें तें त्या चित्रपटांतलें.

येथें सुधारकी व्याख्येविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. वह्या बुडाल्याच, लोकांस अभंग मुखोद्गत होते, त्यांनीं ते पुनः लिहून काढले, लोकगंगेनें गाथा तारिली, असें हल्लीं फार सांगितलें जातें. कल्पना रमणीय आहे. पण तीस आधार कोणता? मूळ अभंगांत कागद पाण्यांत राखल्याचें आहे, लोकांनीं लिहून काढल्याचें नाहीं. एक साक्ष पटत नाहीं म्हणून तिच्या जागीं विनासाक्ष कथा बसविणें, हें चमत्कार रचणाऱ्याच्या रीतीहून फारसें वेगळें नाहीं. इतिहासास एवढेंच म्हणतां येतें: वह्या पाण्यांत गेल्या, निदान कांहीं भाग परत मिळाला, आणि ज्याच्या त्या होत्या त्यानें तें देवाचें करणें मानलें. ‘मानलें’ येथवर पोथी आपणांस हात धरून नेते. ‘देवानें केलें’ किंवा ‘देवानें केलें नाहीं’ हें पाऊल ज्यानें त्यानें आपल्या श्रद्धेनें अथवा अश्रद्धेनें टाकावें. पोथीच्या नांवावर टाकूं नये.

संग्राहकांच्या उपयोगाची एक बाब राहिली. पावसांत भिजलेला दफ्तरखाना ज्यांनीं उलगडला आहे त्यांस ठाऊक असेल कीं, काजळाची शाई पाण्यांत विरघळत नाहीं, पण तिच्यांतील डिंक सुटतो. घोटलेल्या जुन्नरी कागदाची खळ मऊ होते व पानें एकमेकांस चिकटून वीट बनते. रुमालांत घट्ट बांधलेल्या वहीच्या कडा आधीं जातात, मधलीं पानें उशिरां. देहूच्या मंदिरांत तुकोबांच्या हातची म्हणून जी वही दाखवितात तिला परंपरेनें ‘भिजकी वही’ म्हणतात. कीर्तनांत वह्या कोरड्या ठणठणीत वर आल्या. देहूच्या लोकांनीं मात्र वहीचें नांव भिजकी ठेविलें! हें नांव आम्हांस कोणत्याही ओवीपेक्षां अधिक बोलकें वाटतें. तें कोणीं सिद्धान्त म्हणून ठेविलें नाहीं. जें दिसलें त्यावरून तें पडलें असावें.

त्या वहीची आजची दशा काय? दिलीप चित्रे यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या तुकारामाच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रस्तावनेंत असें नमूद केलें आहे कीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं तींत सुमारें ७०० अभंग असल्याची नोंद होती आणि आतां सुमारें २५० च उरले आहेत. तेरा दिवस इंद्रायणींत राहून जें टिकलें असें परंपरा सांगते, तें माणसांच्या हातांत शंभर वर्षें टिकलें नाहीं. वही चमत्काराची साक्ष आहे कीं नाहीं यावर या काळांत किती शाई खर्ची पडली असेल तें असो. उरलेल्या पानांवर पाण्याची रेघ कोणत्या बाजूनें चढली आहे, शाई कोठें फुटली आहे, कागद एका जातीचा आहे कीं दोन, अक्षर एका हाताचें आहे कीं अनेकांचें, आणि वह्यांच्या प्रसंगाचे अभंग त्या पानांत आहेत कीं नाहींत, हें पानवार टिपून छायाचित्रांसह छापलें जावें. पंढरपुरास तिची नक्कल असल्याचें त्याच प्रस्तावनेंत म्हटलें आहे. ती शेजारीं ठेवून गळालेल्या अभंगांची यादी करतां येईल. ज्यांच्या घरीं गाथ्याच्या जुन्या वह्या आहेत त्यांनींही त्या प्रसंगाचे अभंग आपल्या वहींत किती, कोणत्या क्रमानें व कोणत्या पाठानें आले आहेत हें उतरून मंडळाकडे धाडावें; अद्भुत वाटलेली एकही ओळ गाळूं नये व पुसट झालेलें अक्षर अंदाजानें भरूं नये.